जमीन शेतकऱ्याची, पण झोनची रेघ कोणाची?

२०२५ हे आख्खं वर्ष महाराष्ट्रात जमिनीवरून भांडण्यात गेलं. मे महिन्यात पुरंदरच्या विमानतळाच्या ड्रोन सर्व्हेवरून गावकरी आणि पोलिस समोरासमोर आले, जूनमध्ये शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनासाठी आणि आखणीसाठी मंत्रिमंडळाने २०,७८७ कोटींची तरतूद मंजूर केली आणि कोल्हापूरकडे परत वातावरण तापलं, जुलैत अधिवेशनात महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी शहरी पट्ट्यात तुकडेबंदी (ठरावीक मापाहून लहान तुकडा विकायला असलेली मनाई) शिथिल करून एक गुंठ्यापर्यंतचे व्यवहार कायदेशीर करणार असं जाहीर केलं. या सगळ्यावर जी चर्चा झाली, टीव्हीवर, व्हॉट्सॲपवर, लग्नाच्या मांडवात, ती ऐकून मला खरंच वाईट वाटलं, कारण दोन्ही बाजू अशा मुद्द्यांवर तावातावाने भांडत होत्या की ज्यातून शेतकऱ्याच्या हातात काहीच पडत नाही. एक बाजू म्हणते जमीन म्हणजे काळी आई, आई कोणी विकतं का. दुसरी म्हणते तुम्ही शहरात बसून आम्हाला शिकवू नका, माझी जमीन आहे, मी विकेन नाहीतर पडीक ठेवेन. पहिल्याने शेतीचा हिशोब कधी मांडलेला नाही, आणि जमिनीला एवढा भाव मुळात येतो कुठून हे दुसऱ्याला बघायचं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. चांगली, ओलिताखालची शेतजमीन प्लॉटिंगपासून वाचवलीच पाहिजे, आणि ती भावनेच्या भरवशावर वाचणार नाही, कायद्यानेच वाचवावी लागेल. पण तिला वाचवण्याची किंमत तिच्या मालकाच्या खिशातून वसूल करायची नाही. ज्याची जमीन आपण सगळ्यांच्या भल्यासाठी हिरवी ठेवतो त्याला त्याचे पैसे मिळाले पाहिजेत, आणि ते पैसे शेजारी ज्याची जमीन नकाशावर पिवळी, म्हणजे रहिवासी, झाली त्याच्या वाढलेल्या भावातून आले पाहिजेत. या दोन गोष्टी एकत्र करायच्या नसतील तर शेती वाचवा म्हणून बोलायचा आपल्याला अधिकार नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आता समोरच्याचा सगळ्यात जोरदार मुद्दा आधी घेऊ, कारण तो खरा आहे. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी सव्वाचार हेक्टरच्या वर जमीन होती, २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली, म्हणजे सव्वातीन एकर, आणि त्यात दोन भाऊ, एका बहिणीचं हक्कसोड अजून व्हायचं, विहीर सामाईक, मोटार जळाली की कोणी भरायची यावर भांडण. त्यात सरकार काय करतं? कांद्याला जरा भाव दिसला की ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरात निर्यातच बंद, ती मे २०२४ पर्यंत. म्हणजे पिकवलेल्या मालाचा भाव शहराच्या सोयीसाठी पाडायचा आणि वर त्याच शेतकऱ्याला सांगायचं की जमीन विकू नको, शहराला हवा लागते, हिरवळ लागते, धान्य लागतं. पोराला नोकरी नाही म्हणून मुलगी कोणी देत नाही, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन अडलंय, आणि समोर एजंट बॅग घेऊन उभा आहे. या माणसाने विकलं तर त्याला दोष द्यायची माझी हिंमत नाही. कोथरूडला, हडपसरला, वाकडला आज जे लोक गॅलरीत उभं राहून शेती वाचली पाहिजे म्हणतात त्यांच्या बिल्डिंगखाली पण कोणाचं तरी शेतच होतं.

हे सगळं मान्य करूनही एक प्रश्न उरतोच, आणि तो कोणी विचारत नाही. तो माणूस नेमकं विकतोय काय? जमीन तर तीच आहे, माती तीच, विहीर तीच. उसाच्या हिशोबाने एकराला जी किंमत निघेल तिच्या कितीतरी पट किंमत त्याच्या बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याला मिळते, कारण नकाशावरची रेघ त्या दोघांच्या मधून गेली. रेघेच्या अलीकडे रहिवासी विभाग, पलीकडे शेती विभाग. ही रेघ शेजाऱ्याने घाम गाळून ओढलेली नाही. ती सरकारने ओढली, रस्ता सरकारने आणला, पाण्याची लाईन कराच्या पैशातून आली. २०१७ मध्ये महसूल संहितेत जी कलमं घातली त्यातून तर गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला वेगळी एनए (बिनशेती) परवानगी पण लागेनाशी झाली, शुल्क भरा आणि बांधा. ते चूक होतं असं मी म्हणत नाही, गावं वाढतात, लोकांना घरं लागतात. पण २०१ व्या मीटरवर ज्याचं शेत आहे त्याने काय पाप केलं, आणि १९९ व्या मीटरवाल्याने काय पुण्य केलं? म्हणजे बाजारात जी जमीन विकली जाते तिच्यातली मोठी किंमत ही सरकारच्या परवानगीची आहे. आणि परवानगी जर सगळ्यांच्या वतीने दिली जाते तर तिचा फायदा एकाच्याच खिशात का जावा आणि तिचा तोटा दुसऱ्यानेच का सोसावा?

आणि ज्याच्या खिशात हा फायदा जातो तो तरी शेतकरी असतो का? बऱ्याचदा नसतो. रिंगरोड कुठून जाणार, झोन कुठला बदलणार याचा वास ज्यांना आधी लागतो ते दोन-तीन वर्षं आधी गावात फिरून जातात, साठेखत करतात, कुलमुखत्यार लिहून घेतात, थोडे पैसे हातावर ठेवतात आणि घोषणा झाली की मग खरेदीखत थेट तिसऱ्याच्या नावाने होतं. शेतकऱ्याला मिळतो शेतीचा भाव अधिक थोडं काहीतरी, आणि परवानगीची किंमत मधला घेऊन जातो. ‘शेतकऱ्याचं स्वातंत्र्य’ म्हणून जे आपण छातीठोकपणे मांडतो त्यातला किती वाटा शेतकऱ्याला पोचला हे एकदा उरुळी कांचन नाहीतर वाघोलीकडच्या कुठल्याही गावात पारावर बसून विचारा.

दुसरी गोष्ट, जी शहरातल्या माणसाला दिसतच नाही आणि गावातला माणूस बोलत नाही कारण बोललं की भावकीत वाकडं येतं. शेती एकट्याची नसते. मुठा कालव्यावरचं आमच्या बाजूचं एक शिवार आहे, तिथे चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेतांना पाणी नेणाऱ्या पाटाच्या, तोंडाशी ज्याचं रान होतं त्याने विकलं. घेणाऱ्याने आधी मुरूम टाकला, कमान उभी केली, पांढरे खांब रोवले आणि रस्ता सरळ करायचा म्हणून चारी बुजवून टाकली. चारीवर खाली सात-आठ जणांची रानं होती, कोणाचा ऊस, कोणाचा फ्लॉवर. पाटबंधारेच्या ऑफिसला अर्ज गेले, तहसीलला गेले, माणूस येऊन पंचनामा करून गेला, चारी काही उघडली नाही. पहिल्या वर्षी लोकांनी पाईप टाकून पाणी नेलं, दुसऱ्या वर्षी पाईप फुटला का कोणी फोडला देव जाणे, तिसऱ्या वर्षी त्यातल्या तिघांनी विकायला काढलं. मग ऊसतोड टोळी एवढ्याशा तुकड्यासाठी ट्रक आत आणायला तयार होईना, ट्रॅक्टरवाला यायचं टाळू लागला, आणि जे दोन बंगले झाले तिथल्या लोकांची फवारणीच्या वासाबद्दल तक्रार. आता त्या खालच्या सात-आठ जणांनी ‘स्वखुशीने’ विकलं असं आपण म्हणणार का? एकाच्या विकण्याच्या स्वातंत्र्याने बाकीच्यांचं पिकवण्याचं स्वातंत्र्य गेलं. माझी जमीन, माझी मर्जी हे तत्त्व खरंच पाळायचं असेल तर ज्याला कसायची आहे त्याची मर्जी पण धरायला नको का?

आता आकडेवाल्यांचा मुद्दा, तो पण हलका नाही. ते म्हणतात देशात पेरणीखालचं निव्वळ क्षेत्र गेली पन्नास वर्षं १४ कोटी हेक्टरच्या आसपासच आहे, शहरं एवढी वाढली तरी फारसं हललेलं नाही, उत्पादन तर कितीतरी वाढलं, गोदामं भरलेली आहेत, मग कसली जमीन संपतेय? आकडा बरोबर आहे. पण तो एक गोष्ट लपवतो. शहरं वसली नदीकाठी, जिथे गाळाची खोल माती आणि पाणी होतं तिथे, त्यामुळे शहर वाढतं तेव्हा सगळ्यात आधी जाते ती सगळ्यात चांगली जमीन. खडकवासल्याचं धरण आणि मुठेचा कालवा इंग्रजांनी १९ व्या शतकात पुण्याला पाणी पाजायला आणि हडपसर-लोणीच्या रानांना भिजवायला बांधला, आज त्या कालव्यावरची कितीतरी रानं टॉवरखाली आहेत. त्या बदल्यात आकड्यात कुठली जमीन आली? कुठेतरी डोंगरउताराचा मुरमाड माळ, कोणीतरी जेसीबी लावून सपाट केलेला, तळाशी वीतभर माती, टँकरवर जगणारा. कागदावर हेक्टरला हेक्टर बरोबर. अर्धा-पाऊण इंच माती व्हायला शेकडो वर्षं लागतात, ती खरवडून वीटभट्टीला गेली किंवा सिमेंटखाली गेली की परत येत नाही, हे शेती करणाऱ्या कोणालाही शिकवायला नको.

चीनचं उदाहरण बघा, आणि चीनला कोणी विकासविरोधी म्हणणार नाही. त्यांनी शेतजमिनीची एक लाल रेघ ठरवली, १२ कोटी हेक्टरच्या खाली जायचं नाही म्हणजे नाही. जिथे शेत घेतलं तिथे तेवढीच नवी शेती दुसरीकडे तयार करायची असा नियम केला. झालं काय, अधिकाऱ्यांनी नदीकाठची पिकाऊ जमीन शहराला दिली आणि डोंगरात, कोपऱ्यात हलकी जमीन शेती म्हणून दाखवली, मग सरकारला क्षेत्राबरोबर प्रतीचे पण नियम करावे लागले. आपल्याकडे २०१३ च्या भूसंपादन कायद्यात हीच बुद्धी होती. कलम १० म्हणतं की एकापेक्षा जास्त पिकं घेणारी ओलिताखालची जमीन शक्यतो घ्यायचीच नाही, अगदीच इलाज नसेल तर शेवटचा पर्याय म्हणून, आणि घेतली तर तेवढीच पडीक जमीन लागवडीखाली आणायची. किती चांगलं कलम! पण त्याच कलमात पुढे रेल्वे, महामार्ग, कालवे, विजेच्या लाईनी यांना सूट आहे, म्हणजे आज महाराष्ट्रात बागायतीवरून जो सगळ्यात मोठा वाद चालू आहे, सुमारे ८०० किलोमीटरचा पवनार ते पत्रादेवी शक्तिपीठ महामार्ग, त्याला हे कलम लागतच नाही. आणि खाजगी प्लॉटिंगला तर ते मुळातच लागू नाही, ते सरकारी संपादनापुरतं. ज्या दोन दारांनी सगळ्यात जास्त बागायत बाहेर जाते त्या दोन्ही दारांना कुलूप नाही.

घरांचा मुद्दा राहिला. लोक म्हणतात जमीन अडवली की घरं महाग होतात, मग एमआयडीसीत १५-२० हजारावर काम करणाऱ्याने राहायचं कुठे? त्याने एक-दीड गुंठा घेतला, पत्र्याच्या दोन खोल्या टाकल्या, त्याला बेकायदा ठरवून लाईट-पाणी तोडायचं का? नाही, अजिबात नाही. त्याचं घर नावावर झालंच पाहिजे, त्याला ड्रेनेज मिळालंच पाहिजे. पण मग जरा इतिहास बघू. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. तो मोडत मोडत गुंठेवारी (शेतीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकणं) एवढी वाढली की २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करायचा कायदा आला, १ जानेवारी २००१ पर्यंतचं माफ, पुढे नाही. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० केली. तुकड्यांच्या व्यवहारांना २०१७ मध्ये म्हणाले बाजारभावाच्या २५ टक्के भरा, मग म्हणाले ५ टक्के भरा, आणि २०२५ मध्ये म्हणाले काहीच भरू नका. प्रत्येक वेळी ‘हे शेवटचं’. यातून एजंटने काय शिकायचं? हेच की आज तोडा, विका, पाच-दहा वर्षांत सरकार आपोआप कायदेशीर करेल. माफी घर बांधून राहणाऱ्याच्या नावाने मिळते आणि तिचा खरा फायदा उद्या तोडायच्या शिवाराला होतो. शिवाय या प्लॉटांवर घरं तरी किती होतात? शहरापासून ४०-५० किलोमीटरवर हायवेलगत ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ म्हणून विकलेले प्लॉट वर्षानुवर्षं गवत आणि गाजरगवतात पडलेत, ना तिथे कोणी राहतं ना तिथे ज्वारी होते. ते घेतलेत भाव वाढेल म्हणून. गरिबाच्या घराचा प्रश्न त्याने सुटत नाही, तो सुटतो शहरात, स्टेशनजवळ, कामाच्या जागेजवळ दाट आणि परवडणारी घरं बांधून.

नुसती बंदी घालून भागत नाही हे पण याच इतिहासातून दिसतं, आणि हे शेतीप्रेमी मंडळींनी नीट ऐकावं. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, दंगे पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले, मग इंग्रज सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला की कर्जापायी जमीन सहजासहजी सावकाराकडे जाऊ नये, गहाणाच्या व्यवहारात कोर्टाने आत शिरून बघावं. सावकाराने काय केलं? गहाणखत लिहून घेणं कमी केलं आणि सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागला, तोंडी बोली की पैसे दिलेस तर परत करेन. कारण शेतकऱ्याची पैशाची गरज कायद्याने कुठे संपवली होती? ती तशीच होती, त्याला दुसरा रस्ता दिला नाही, म्हणून व्यवहार फक्त अंधारात गेला. आज बागायत १० गुंठ्यांच्या खाली विकता येत नाही ना, मग ११ गुंठ्यांचं एक खरेदीखत होतं आणि सातबाऱ्यावर दहा-अकरा अनोळखी नावं सामाईकात चढतात, एक नाशिकचा, एक लातूरचा, एक कंपनीतला सहकारी, आणि जागेवर प्रत्येकाला एक गुंठा खडूने आखून दिलेला. यातल्या एकाला उद्या कर्ज काढायचं झालं तरी बाकीच्या दहा जणांच्या सह्या गोळा करत फिरायचं. दीडशे वर्षांत पळवाट तीच राहिली, कारण आपण दर वेळी दार बंद करतो आणि आत अडकलेल्याला खायला काय घालणार ते सांगत नाही.

मग करायचं काय? अमेरिकेत वॉशिंग्टनला लागून माँटगोमेरी काउंटी आहे, राजधानीच्या दारातली, जिथे जमिनीला प्रचंड मागणी. त्यांनी १९८० मध्ये काउंटीचा साधारण तिसरा हिस्सा, ९३ हजार एकर, शेतीसाठी राखून ठेवला. तिथे २५ एकराला एकच घर बांधता येतं. पण शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडलं नाही, त्याला दर ५ एकराला एक असा बांधकामाचा हक्क कागदावर दिला, तो त्याने आपल्या शेतात वापरायचा नाही, शहरातल्या ठरवून दिलेल्या भागातल्या बिल्डरला विकायचा. बिल्डर तिकडे जास्त मजले चढवतो, शेतकऱ्याला रोख पैसे मिळतात, आणि शेत शेतच राहतं अशी नोंद कायमची जमिनीला चिकटते. हे ऐकून पुण्या-मुंबईच्या माणसाला नवल वाटायचं कारण नाही, कारण हा तर आपला टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) आहे! रस्त्यात जागा गेली टीडीआर, झोपडपट्टी पुनर्वसन टीडीआर, मुंबईत जुनी हेरिटेज बिल्डिंग जपली त्याचा पण टीडीआर. इमारत जपल्याचा मोबदला आपण देतो. मग हडपसरजवळच्या मांजरी गावचा मळा जपल्याचा का नाही? सासवडकडचं अंजीर, ज्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्याची बाग जपल्याचा का नाही?

कोणी म्हणेल तिकडे शेतं शेकडो एकरांची, आपल्याकडे सव्वातीन एकर, त्यात सतरा वाटे, हे इथे कसं चालणार? रास्त शंका आहे. पण छोट्या छोट्या मालकांची जमीन एकत्र धरून वाटे घालायची रीत आपल्याला नवी नाही, नगररचना योजनेचा कायदा मुंबई इलाख्यात १९१५ पासून आहे, म्हाळुंगे-माणला पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) त्याच वाटेने शेकडो खातेदारांची जमीन एकत्र धरली. आणि मगरपट्टा तर डोळ्यासमोर आहे, सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबं, चारशे एकर, जमीन बिल्डरला फुंकून टाकण्याऐवजी स्वतःच कंपनी केली आणि भागधारक झाली. लोक मगरपट्ट्याचा दाखला शेतजमीन शहरात नेण्यासाठी देतात, मी त्यातून वेगळं काढतो. मगरपट्ट्याने हे दाखवलं की शेतकरी एकत्र बसून हिश्शांचा हिशोब करू शकतात. तोच हिशोब असा का करायचा नाही की गावाच्या शिवारातला चौथा भाग, हलका, मुरमाड, रस्त्याकडेचा, तिथे दाट वस्ती होऊ दे, बाकी तीन भाग ओलिताखालची रानं तशीच राहू देत, आणि त्या चौथ्या भागाच्या पैशात गावातल्या प्रत्येक खातेदाराचा त्याच्या सातबाऱ्याच्या प्रमाणात वाटा? मग रेघ कोणाच्याही बांधावरून जाऊ दे, भाऊ भावाचा वैरी होत नाही, आणि एजंटला आधी वास लागून काही उपयोग राहत नाही.

पैसा नाही ही सबब मला मान्य नाही. मेट्रोमुळे घरांचे भाव वाढतात म्हणून पुण्यात खरेदीखतावर एक टक्का मेट्रो सेस आपण एप्रिल २०२२ पासून भरतोच. झोन बदलाने आणि जादा एफएसआयने (जागेच्या मानाने किती बांधता येतं त्याच्या प्रमाणाने) जी किंमत वाढते तिच्यातला एक हिस्सा हिरव्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला का नाही? केरळने २००८ मध्ये भाताची खाचरं भरण्यावर बंदी घातली, गावपातळीवर समिती नेमली, जमिनींची यादी केली, आणि २०२० पासून भात लावणाऱ्या मालकाला हेक्टरी २००० रुपये वर्षाला द्यायला सुरुवात केली. रक्कम अगदीच तुटपुंजी आहे, त्यावर कोणाचं घर चालत नाही, आणि बंदी आली तोवर केरळची बहुतेक खाचरं भरून पण झाली होती. तरी एका सरकारने हे कबूल तर केलं की शेत राखणं हे काम आहे आणि त्या कामाचे पैसे द्यावे लागतात. गोव्यात उलट झालं. २०२३ मध्ये तिथे भातजमीन बिगरशेतकऱ्याला विकायला बंदी करणारा चांगला कायदा आला, आणि त्याच वर्षी नगरनियोजन कायद्यात कलम १७ (२) घालून एकेका सर्व्हे नंबरचा झोन ‘चूक दुरुस्त’ म्हणून बदलायची सोय पण आली. लोक कोर्टात गेले, हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये त्याखालची नियमावली रद्द केली. एकेका प्लॉटचा झोन बदलायची खिडकी उघडी असेल तर कुठलीही हिरवी रेघ टिकत नाही, म्हणून महाराष्ट्रात जे काही करायचं त्यात ही खिडकी पहिल्यांदा बंद झाली पाहिजे.

विकास खोटा असतो असं मी म्हणणार नाही. १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर ‘जान किंवा जमीन’ म्हणत सत्याग्रह केला तेव्हा पण टाटांच्या धरणाची वीज मुंबईला खरोखरच हवी होती आणि ती मिळाली पण. धरण झालं, आंबेमोहोराची खाचरं पाण्याखाली गेली. चूक वीज तयार करण्यात नव्हती, चूक ही होती की कोणाचं शिवार बुडवायचं हे ठरवताना त्या शिवारातल्या माणसाला मत नव्हतं, आणि झालेल्या फायद्यात पिढ्यानपिढ्या वाटा तर त्याहून नव्हता. त्यानंतर ८७ वर्षांनी, २००८ मध्ये, पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) शेतकऱ्यांचं मत सरकारला घ्यावं लागलं, लोक रांगा लावून आले, नको म्हणाले, आणि तो सेझ झाला नाही. मत घेतल्याने राज्य बुडालं का? उद्योग थांबले का? उलट ज्या गावात आधी विचारलं जातं तिथे पोलिस बोलवायची वेळ येत नाही.

पुण्याभोवती आता ११० मीटर रुंदीचा, सुमारे १७० किलोमीटरचा रिंगरोड होतोय. रस्त्याची जमीन गेली, तिचा मोबदला कमी-जास्त ठरला, तो विषय बराचसा संपला. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या हजारो एकरांचं काय, याबद्दल अजून कोणी बोलत नाही, आणि बोलायची वेळ आत्ताच आहे, कमानी उभ्या राहायच्या आधी. पहिल्यांदा ओलिताखालच्या गटांची (जमिनीच्या गट नंबरांची) गावनिहाय यादी करून चावडीवर लावा, हरकती घ्या. त्या गटांचा बांधकामाचा हक्क टीडीआरच्या रूपाने मालकाच्या नावावर चढवा आणि तो विकायचा भाग आजच जाहीर करा. रिंगरोडलगत जिथे बांधकाम होणार तिथल्या प्रीमियममधला (जादा बांधकामासाठी भरायच्या पैशातला) हिस्सा त्याच गावांसाठी बांधून ठेवा. चारी बुजवणाऱ्यावर गुन्हा आणि चारी ३० दिवसांत उघडून देण्याची जबाबदारी अधिकाऱ्याच्या नावाने. आणि यादी पक्की झाल्यावर त्यातला एकही गट वेगळा काढायचा असेल तर तो ग्रामसभेत मतदान घेऊनच. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा ठराव मांडायला कुठल्याही सरपंचाला वरून परवानगी लागत नाही.